पंचेचाळीस फूट, पण कुठून?

जुलै संपत आला आणि कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागून राहिला, की सांगलीकरांच्या फोनवर एक आकडा फिरू लागतो. आयर्विन ३२ फूट. थोड्या वेळाने ३३ फूट ४ इंच. मग ३५. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल वस्त्यांमध्ये या एका आकड्यावर बरंच काही ठरतं. फ्रिज माळ्यावर चढवायचा का, जनावरं कधी हलवायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पै-पाहुण्यांकडे कधी पोचवायचं, सगळं.

आता एक साधा प्रश्न. पंचेचाळीस फूट म्हणजे कुठून पंचेचाळीस? नदीच्या तळापासून? समुद्रापासून? पुलाच्या पायथ्यापासून?

सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथे पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झाले की कोल्हापूर धोक्यात येतं, पण आयर्विनवर ४३ फूट झाले तर सांगली अजून ‘धोक्याच्या खाली’ असते. मग कोल्हापूरचा फूट मोठा आहे का? नाही. फूट दोन्हीकडे तोच, बारा इंचांचा. वेगळं आहे ते शून्य. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणापासून मोजायला सुरुवात करतात.

आकडा सगळ्यांना दिसतो, त्याचं शून्य कुणालाच दिसत नाही. मोजमापाच्या शास्त्राची सुरुवात इथूनच होते. या शास्त्राला मेट्रॉलॉजी म्हणतात, मराठीत मापनशास्त्र. (हवामानाचं मीटिऑरॉलॉजी ते वेगळं.) नाव जड असलं तरी त्याचे मूळ प्रश्न चारच आहेत. कशाने मोजलं? ज्याने मोजलं ते माप कुणी तपासलं? कुठून मोजलं? आणि आकड्यात किती ढिलाई आहे? हे चारही प्रश्न आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत शेकडो वर्षं विचारले गेले आहेत, आणि दर वेळी त्यात कुणाचं ना कुणाचं पोट किंवा जीव अडकलेला होता.

हात कुणाचा?

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. लढाया आणि गडकोटांच्या बरोबरीने त्याने एक कोरडी वाटणारी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली तेव्हा काठी किती लांबीची धरली, ही ती गोष्ट. काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर.

इथे कुणीही शहाणा शेतकरी विचारेल की हात कुणाचा? पाटलाचा की माझा? उंच माणसाचा हात आणि बुटक्या माणसाचा हात यांत चार बोटांचा फरक सहज पडतो. बखरीत त्याचंही उत्तर आहे. हात चौदा तसूंचा धरायचा आणि हात-मुठी मिळून काठी ब्याऐंशी तसूंची. हिशोब करून बघा. पाच चोक सत्तर करू नका, पाच हात गुणिले चौदा तसू म्हणजे सत्तर. उरले बारा, ते पाच मुठींचे. माणसाच्या शरीरापासून निघालेलं माप शरीरापासून तोडून एका ठरीव लांबीला बांधून टाकलं. मापनशास्त्रात याला प्रमाण एकक म्हणतात.

ही बांधणी का गरजेची होती ते शेतसाऱ्यात कळतं. सारा बिघ्यांवर. समजा काठी एक टक्का आखूड निघाली. तर तेच शेत काठीने मोजताना लांबीत एक टक्का जास्त भरतं आणि रुंदीतही एक टक्का जास्त भरतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतं. शेत होतं तेवढंच राहिलं, पीकही तेवढंच आलं, पण कागदावर जमीन वाढली आणि सारा वाढला. लांबीतली चूक क्षेत्रफळात दुप्पट होते. एका मुठीची ओढाताण कुणाच्या तरी कणगीतून वसूल होत होती.

धान्याचं माप तर त्याहून अवघड. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. कोष्टक सोपं आहे, दुपटी-दुपटीने चढणारं. पण एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीएवढी असेलच असं नाही. त्यात शेर हा धान्याच्या मापातही होता आणि वजनातही, आणि वजनात पुन्हा कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, आजच्या हिशोबाने सुमारे ९३३ ग्रॅम. शिवाय माप तेच असलं तरी भरण्याची रीत बदलली की धान्य बदलतं. शीग लावून भरलेली पायली आणि वरून हात फिरवून सपाट केलेली पायली यांत मूठ-दोन मूठ धान्याचा फरक सहज पडतो. सावकाराने घेताना शीग लावायची आणि देताना हात फिरवायचा, एवढं केलं तरी व्याजाचा दर न वाढवता व्याज वाढतं. म्हणून नुसतं माप ठरवून भागत नाही, मोजायची रीतही ठरवावी लागते.

आजचा सांगली जिल्हा तेव्हा एक जिल्हा नव्हता. पटवर्धनांचं सांगली संस्थान, मिरजेची थोरली आणि धाकटी पाती, डफळ्यांचं जत, पंतप्रतिनिधींचं औंध आणि मध्येमध्ये इंग्रजांचा सातारा जिल्हा, असा गोधडीसारखा मुलूख होता. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. हळदीची किंवा गुळाची गाडी घेऊन निघालेला शेतकरी एका दिवसाच्या प्रवासात दोन-तीन राज्यकर्त्यांच्या हद्दी ओलांडत असे. अशा मुलखात आपलं माप समोरच्याच्या मापाशी जुळतं का, हा प्रश्न रोजचा होता.

साखळीमागची साखळी

इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून नवी जमीन मोजणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी त्यात पुढे होते. मुंबई इलाख्यात त्यासाठी तेहतीस फुटांची लोखंडी साखळी वापरात आली. तिचे सोळा भाग, आणि भागांना नाव रुपयातलं, आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये छापलेलं असतं, पण बांधावर उभ्या असलेल्या दोन भावांचं भांडण अजूनही गुंठ्यातच होतं. ती साखळी गंजून गेली, तिचा चौरस मात्र आपल्या बोलण्यात शिल्लक आहे.

काठीपेक्षा साखळी बरी, कारण ती ओल्या दिवसांत फुगत नाही आणि सहज छाटता येत नाही. पण लोखंडही स्वस्थ बसत नाही. विल्यम लँबटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी होती आणि ती उन्हापासून झाकायची सोय होती. इतकी काळजी कशाला? तापमान दहा अंशांनी वाढलं तर शंभर फूट पोलाद सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांबतं. एका साखळीत हे काहीच नाही. पण बारा किलोमीटरच्या रेषेवर साखळी जवळपास चारशे वेळा ठेवावी लागते, आणि दर वेळी तेवढीच चूक त्याच बाजूला झाली तर शेवटी सुमारे एक मीटर चाळीस सेंटीमीटरचा फरक पडतो. त्या एका रेषेवर पुढचा सगळा नकाशा उभा राहायचा होता.

म्हणजे साखळी तपासायला दुसरी, जास्त जपलेली साखळी हवी. तिला तपासायला तिसरी. असं कुठवर जायचं? कुठेतरी एक शेवटचं माप हवं, जे सगळ्यांनी मान्य केलं आहे. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटर करारावर सह्या केल्या ते यासाठी. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा, उंची आणि रुंदी दोन्ही ३९ मिलिमीटर असलेला एक छोटा दंडगोल ‘किलोग्रॅम’ म्हणून मान्य झाला. तो पॅरिसजवळ सेव्हर इथे काचेच्या झाकणांखाली ठेवला आणि त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. भारताकडे आली ती ५७ क्रमांकाची प्रत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. १ एप्रिल १९५७ ला नया पैसा आला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमची वजनं बाजारात आली. ज्यांनी आयुष्यभर आणे-पै आणि शेर-अच्छेर केलं त्यांना ते बरेच दिवस जड गेलं. पण त्यातून एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. मिरजेच्या मंडईतलं एक किलोचं वजन आणि पॅरिसजवळचा तो दंडगोल यांच्यामध्ये एक अखंड नातं तयार झालं. दिल्लीच्या प्रतीवरून प्रयोगशाळांची संदर्भ वजनं, त्यांवरून राज्याची दुय्यम वजनं, त्यांवरून निरीक्षकाची कामाची वजनं, आणि त्यांच्याशी ताडून भाजीवाल्या मावशींच्या वजनावर मारलेला शिक्का. आता ती तपासणी २००९ च्या वैध मापन कायद्याखाली होते. पुढच्या वेळी तराजूजवळ गेलात तर ते वजन उलटं करून बघा. खालचा तो शिक्का म्हणजे साखळीची शेवटची कडी.

गंमत अशी की त्या साखळीचं पॅरिसकडचं टोकच हलत होतं. शंभर वर्षांनी प्रती आणि मूळ दंडगोल ताडून पाहिले तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. प्रती जड झाल्या की मूळ हलकं झालं? सांगायची सोयच नव्हती, कारण व्याख्येनेच मूळ दंडगोल म्हणजे एक किलो. शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅम धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिर आकड्याला, प्लांकच्या स्थिरांकाला बांधला. मीटर त्याआधीच, १९८३ पासून, प्रकाशाच्या वेगाला बांधलेला आहे. हात तसूला बांधणारा सभासदाचा काळ आणि किलो स्थिरांकाला बांधणारा आपला काळ, दोघांची धडपड एकच. माप कुणा एकाच्या हातात राहू नये.

समुद्र कुठे, सांगली कुठे

आता परत पुलावर येऊ. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तेव्हा सांगलीच्या गादीवर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते, आणि उद्घाटनाला आलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं नाव पुलाला मिळालं. नदी ओलांडायची म्हणून बांधलेला हा पूल कालांतराने नदी मोजायची पट्टी झाला.

नदीला पट्टी लावायची कल्पना फार जुनी. कैरोत नाईल नदीच्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेली विहीर आहे. तिच्या मधोमध हातांच्या खुणा कोरलेला दगडी खांब. त्याच्याही आधीपासून इजिप्तमध्ये पाणी किती हात चढलं यावरून त्या वर्षीचं पीक आणि कर यांचा अंदाज बांधत. बारा हात म्हणजे उपासमार आणि सोळा हात म्हणजे आबादानी, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. तिथे पूर यावा म्हणून लोक खांबाकडे बघत, आपण येऊ नये म्हणून बघतो. पण दोन्हीकडे गोष्ट तीच. शून्य कुठे धरलं हे पिढ्यान्‌पिढ्या बदललं नाही म्हणूनच ‘सोळा हात’ या शब्दाला अर्थ राहिला.

आयर्विनवरचा आकडाही असाच आहे. ती नदीची खोली नव्हे. तळ गाळाने वर येतो, उपशाने खाली जातो, त्यामुळे तळापासून मोजलं तर दर वर्षीचं शून्य वेगळं होईल. म्हणून पट्टीचं शून्य एका पक्क्या जागी धरतात आणि ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते काढून ठेवतात.

समुद्रसपाटी हीसुद्धा ठरवलेलीच गोष्ट. भरती-ओहोटीत समुद्र रोज वर-खाली होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी धरली. मुंबई आणि कारवार ही त्यांतली आपल्या जवळची दोन. १९०९ मध्ये त्या आधारावर देशभरच्या उंचीच्या मोजण्यांचं जाळं जुळवलं. तिथून दुर्बीण आणि उभी पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने घाट चढत माणसं देशावर आली, आणि वाटेत दगडांवर खुणा कोरून ठेवल्या.

हे सगळं कशासाठी? तर दोन ठिकाणांची उंची एकमेकांशेजारी ठेवता यावी म्हणून. सांगलीत दर पुरात एक वाद पेटतो. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी इथे तुंबतं की नाही? अलमट्टीची आजची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. आयर्विनचा आकडा फुटांत आणि स्वतःच्या शून्यापासून, अलमट्टीचा आकडा मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून. हे दोन आकडे तसेच शेजारी ठेवणं म्हणजे तोळ्यातून गुंठे वजा करण्यासारखं आहे. आधी एकक एक करावं लागतं, मग शून्य एक करावं लागतं, मगच वजाबाकीला अर्थ येतो. तज्ज्ञ ते करतात. फोनवरच्या भांडणांत ते क्वचित होतं.

अलमट्टीचाच आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० च्या निवाड्यात कर्नाटकाला धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली. दशांश चिन्हानंतर तीन अंक! बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मिलिमीटरपर्यंत हिशोब करून ही रेघ ठरवली. फोनवरचं कॅल्क्युलेटर उघडा आणि १७२० ला ०.३०४८ ने गुणा. उत्तर येतं ५२४.२५६, बरोबर. तो सतराशे वीस फुटांचा गोल आकडा आहे, मीटरचे कपडे घातलेला. आकड्यात जेवढे अंक दिसतात तेवढी अचूकता त्याच्या मागे असेलच असं नाही.

आकड्यातली ढिलाई

कुठलंच माप अगदी नेमकं नसतं. चांगलं मोजणारा आपल्या मापात किती इकडे-तिकडे होऊ शकतं तेही सांगतो. आयर्विनच्या पट्टीवर पाणी हेलकावे खात असताना, रात्री टॉर्चच्या उजेडात वाचताना, दोन-चार इंच इकडे-तिकडे होणारच. हे समजून घ्यायला हवं, कारण ‘आत्ता दोन इंच उतरलं’ या बातमीवर लोक परत घरात शिरतात.

धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा आकडा त्याहून सैल असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. पण नदीत क्युसेक दाखवणारी पट्टी नसते. आधी काही वेळा नदीची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग मोजून ठेवतात, त्यावरून इतक्या पातळीला इतका प्रवाह असं कोष्टक बनवतात, आणि पुढे फक्त पातळी वाचून त्या कोष्टकातून प्रवाह काढतात. म्हणजे क्युसेक बहुतेक वेळा मोजलेले नसून काढलेले असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सुटत होतं. अशा आकड्यात नुसता पाच टक्क्यांचा फरक धरला, तरी तो पंचवीस हजार क्युसेक होतो, आणि एका दिवसात दोन टीएमसीहून अधिक. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २८३२ कोटी लिटर. सगळं कोयना धरण १०५ टीएमसीचं आहे, यावरून अंदाज करा.

ढिलाई दोन प्रकारची असते आणि त्यांतला फरक उसाच्या पट्ट्यात लगेच समजेल. वीस टन ऊस भरलेली गाडी काट्यावर घेतली. दर वेळी वजन थोडं वर, थोडं खाली आलं तर हंगामात ते जवळपास फिटून जातं. पण काटा दर वेळी एकाच बाजूला एक टक्का झुकत असेल, तर गाडीमागे दोनशे किलो जातात आणि शंभर गाड्यांनंतरही काही फिटत नाही, उलट साठत जातं. लँबटनच्या उन्हात तापणाऱ्या साखळीचीही हीच गोष्ट होती. एकाच बाजूला झुकणारी चूक तोच काटा शंभर वेळा वापरून सापडत नाही. ती सापडते दुसऱ्या, तपासलेल्या काट्याशी ताडल्यावर. म्हणून ‘भरलेली गाडी बाहेरच्या काट्यावर तोलू द्या’ ही शेतकऱ्याची मागणी भांडखोरपणाची नाही. मापनशास्त्राचा तो पहिला धडा आहे.

२००५ ची रेघ

सांगलीने सगळ्यात महाग शिकलेला धडा मात्र वेगळाच आहे.

२००५ च्या पुरात आयर्विनवर पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं. त्या पुराने शहरभर आपली मापं मागे ठेवली. भिंतीवर गाळाची रेघ, ‘आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं’ हे वाक्य, देवळाच्या कट्ट्यावरची खूण. प्रत्येक घराला स्वतःची पट्टी मिळाली. हे खरंखुरं मापन होतं. पुलावरचा आकडा आणि आपली पायरी यांची सांगड लोकांनी स्वतः घातली होती, आणि पुढची चौदा वर्षं ती उपयोगी पडली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. २००५ ला घरात पाणी आलं नव्हतं, म्हणजे याही वेळी येणार नाही, असं मानून कित्येक कुटुंबं थांबून राहिली. ज्यांच्याकडे तेव्हा आलं होतं त्यांनी सामान जुन्या रेघेच्या वर ठेवलं आणि वरच्या मजल्यावर गेली. पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, जुन्या रेघेहून तीन फुटांहून अधिक. शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं.

प्रयोगशाळेत कुठलंही उपकरण तपासून देताना एक गोष्ट लिहून देतात. हे इतक्यापासून इतक्यापर्यंत तपासलं आहे. त्यापलीकडे ते काय दाखवेल याची हमी नाही. २००५ ची रेघ खरी होती, पण ती ५४ फुटांपर्यंतच तपासलेली पट्टी होती. तिच्यावर ‘इथपर्यंत आलं होतं’ एवढंच लिहिलेलं होतं. आपण वाचलं ‘इथपर्यंतच येतं’.

पुराची कारणं शोधायला राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने अतिवृष्टीवर बोट ठेवलं आणि अलमट्टीला या पुराचं कारण मानलं नाही. ते इथल्या अनेकांना पटलेलं नाही आणि वाद चालू आहे. तो चालावाही. पण तो सुटायचा असेल तर दोन्ही बाजूंना एकाच शून्यापासून, एकाच एककात, एकाच वेळी घेतलेली आणि कुणालाही ताडून बघता येतील अशी मापं लागतील. सभासदाच्या काळात काठी किती तसूंची ते लिहून ठेवलं नसतं, तर रयत आणि कारकून यांचा वादही असाच अनंतकाळ चालला असता.

२०१९ हे वर्ष म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या मे महिन्यात जगाने किलोग्रॅम इतका पक्का बांधला की मायक्रोग्रॅमचा वादही मिटावा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत लोक पायरीकडे बघून ठरवत होते की रात्र घरात काढायची की नाही. दोन्हीकडे चाललं होतं मोजमापच. एका बाजूचं माप जगातल्या उत्तम प्रयोगशाळा सांभाळतात. दुसरं माप आपलं आपल्यालाच सांभाळावं लागतं.

ते अवघड नाही. पुढच्या पुरात पाणी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्याला लागेल तेव्हा आयर्विनचा आकडा, तारीख आणि वेळ लिहून घ्या. पाणी पहिल्या पायरीला लागलं की पुन्हा लिहा. उंबऱ्याला लागायच्या आधी बाहेर पडा. पूर ओसरल्यावर ते आकडे ऑइलपेंटने भिंतीवर उतरवा, पायरीच्या उंचीला फुटांचा आकडा. आणि सगळ्यात वरच्या रेघेच्या वर थोडी जागा मोकळी सोडा.